भाकरीला जोड काय द्यायची? दाळ, अंडं, दूध, मटण यांच्या प्रोटीनचा हिशोब पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

माझा भाचा पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे पाचला ग्राउंडवर, १६०० मीटर, गोळाफेक, तिथून क्लास, तिथून अभ्यासिका, आणि दिवाळीला घरी आला तेव्हा त्याने ताईपुढे विषय काढला की मला प्रोटीनचा डबा घेऊन दे, ग्रुपमधली सगळी पोरं घेतात. डब्याची किंमत ऐकून ताईने मला फोन लावला, तूच बघ रे काय ते. त्याच दिवसांत इकडे आमच्या अण्णांचा पाय मोडला, प्लास्टर पडलं, अन् भेटायला येणारा प्रत्येक माणूस बकऱ्याच्या पायाचं सूप द्या म्हणून सांगून जायला लागला. माय तर गळ्यात माळ घातलेली, तिच्या चुलीवर ते चढणार नाही.

म्हणजे एकाच घरात दोन बाजूंनी एकच प्रश्न आला, दाळ-दुधातलं प्रोटीन पुरतं का अंडं-मटणच लागतं. मग मी काटा घेऊन बसलो, आकडे जमवले, आहारतज्ज्ञ बाईंना दोनदा जाऊन विचारलं. जे कळलं ते पायरीपायरीने लिहितोय, ज्यांनी हा हिशोब आजवर केलाच नाही त्यांच्यासाठी. मला जे सापडलं ते आधीच सांगून टाकतो: आपल्याकडे ताटात भाकर भरपूर असते आणि तिच्या जोडीची वाटी पातळ असते, खरी मेख तिथे आहे, आणि ती वाटी दाळीची करायची का अंड्याची हा त्याच्या नंतरचा प्रश्न आहे.

पायरी १: आपल्याला किती लागतं ते काढा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये जे प्रमाण दिलंय त्यात मोठ्या माणसाला रोज वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. ६५ किलोच्या पुरुषाला साधारण ५४ ग्रॅम, ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅम. पण ज्याचं जेवण मुख्यतः धान्यावर चालतं, म्हणजे आपलंच, त्याने किलोमागे १ ग्रॅम धरावं असंही त्यांनीच म्हटलंय, कारण काय ते चौथ्या पायरीत येईल. गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत रोज २२ ग्रॅम जास्तीचे लागतात, अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने १७ च्या आसपास जास्तीचे. जी पोरं रोज पळतात, वजन उचलतात त्यांनी किलोमागे १.२ ते १.६ पर्यंत धरलं तरी चालतं.

भाचा ६२ किलोचा. म्हणजे साधं जगायला ६२ ग्रॅम आणि भरतीच्या तयारीला ७५ च्या पुढे. तुमचा आकडा काढा आणि फ्रीजवर, कॅलेंडरवर, कुठेही लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

पायरी २: दोन दिवस जे खाल्लं ते वजनासकट लिहा

ही पायरी लोक सोडून देतात, कृपा करून सोडू नका. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा मिळतो तो घ्या नाहीतर किराणा दुकानदाराकडून एकदा आपली वाटी मोजून आणा, पण अंदाजाने करू नका, अंदाज सगळ्यांचाच चुकतो.

ताईकडे वरणाची दाळ मोजायला एक जुना चहाचा कप आहे, कान तुटलेला, लग्नापासूनचा. तिने नेहमीसारखी कपभर तूरदाळ काढली, मी ती काट्यावर ओतली, ११० ग्रॅम भरली. घरात माणसं पाच. कच्च्या तूरदाळीत १०० ग्रॅमला २२ ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे पूर्ण पातेल्यात २४ ग्रॅम आणि माणशी पाचसुद्धा नाही. ताई काट्याकडे बघत राहिली, म्हणाली, "अरे मी तर रोज न चुकता वरण करते." करतेच की, पण दाळ तेवढीच आणि पाणी माणसं बघून वाढतं, पाहुणा आला की अजून एक तांब्या.

मग भाच्याचा पूर्ण दिवस लिहिला. सकाळी शेंगदाणे घातलेले पोहे, ८ ग्रॅम. दोन वेळचा चहा, त्यातलं दूध मिळून २ ग्रॅम. दुपारी दोन भाकरी, वांग्याची भाजी कूट घातलेली आणि वरण, सगळं मिळून २१. रात्री दोन भाकरी, बटाटा, थोडा भात, त्यावर उरलेलं वरण, परत २१. बेरीज ५२. आकडा बघून भाचा खूश झाला, म्हणाला मामा हे तर ०.८३ च्या हिशोबाने भरलं की! भरलं, पण त्यातले २८ ग्रॅम नुसत्या जवारीतून आलेत आणि दाळीतून जेमतेम ७. आपण समजतो की प्रोटीन दाळीतून येतंय, कागदावर बघितलं तर ते भाकरीतून येतंय.

पायरी ३: कशात किती आहे ते एकदा पाठच करा

सगळे आकडे कच्च्या मालाचे, १०० ग्रॅमला, थोडं इकडेतिकडे होतं. जवारी १०, बाजरी ११, गव्हाचं पीठ साडेदहा, तांदूळ ८. दाळी आणि कडधान्यं सगळी २० ते २४ मध्ये, मटकी २० च्या जवळ, तूर, हरभऱ्याची दाळ, हुलगे २२ च्या आतबाहेर, मूगदाळ आणि मसूर २४, म्हणजे कुठली दाळ खाता यापेक्षा किती खाता ते महत्त्वाचं. शेंगदाणे २४, तीळ २२, जवस साडेअठरा. आणि सोयाबीन ३६, सोयाबडी तर ५२.

प्राण्यांकडचं बघा. एका अंड्यात ६ ग्रॅम, त्यातलं निम्म्याहून जास्त पांढऱ्यात आणि बाकीचं बलकात, म्हणून बलक काढून टाकायचं काही कारण नाही. गावरान अंडं आकाराने लहान असतं, प्रोटीन त्यात काही जास्तीचं नसतं, चव आवडते म्हणून खा. चिकन-मटणात हाडं सोडून कच्च्याला २० ते २२, माशात १७ ते २०, मग तो जायकवाडीचा रोहू-कटला असू द्या नाहीतर बाजारातली मरळ. दुधात १०० मिलीला गाईच्या सव्वातीन आणि म्हशीच्या पावणेचारपर्यंत, म्हणजे ग्लासभर म्हशीच्या दुधात ७. पनीर १९. दही दुधासारखंच, ताक मात्र पाणी किती घातलं त्यावर.

शिजल्यावर काय होतं ते इथे समजून घ्या कारण नवीन माणूस इथेच फसतो. दाळ शिजली की पाणी पिऊन तिप्पट होते, प्रोटीन तेवढंच राहतं. चिकन शिजलं की पाणी सोडून आटतं, म्हणून शिजलेल्या १०० ग्रॅमला २७-२८ दिसतात. मोबाईलवर "दाळ ७, चिकन २८" असं दिसलं की लोक म्हणतात चौपट फरक, पण कच्च्याला कच्चं लावून बघा, मूगदाळ २४ आणि चिकन २१. मोड आणल्यावर प्रोटीन दुप्पट होतं हेही खरं नाही, मोडाने पचायला हलकं होतं, व्हिटॅमिन सी वाढतं, त्यासाठी मोड आणाच.

नाचणीत ७ च आहे, ती कॅल्शियमसाठी खायची. साबुदाण्यात जवळपास शून्य.

पायरी ४: भाकरीत काय कमी आहे ते समजून घ्या

प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. त्यातले नऊ मणी असे आहेत की ते शरीर स्वतः बनवू शकत नाही, बाहेरूनच यावे लागतात. अंडं, दूध, मांस, मासे यांत हे नऊच्या नऊ भरपूर असतात. धान्यात आणि दाळीत पण नऊच्या नऊ असतात, "शाकाहारी प्रोटीनमध्ये ते नसतातच" असं जे सांगतात ते चूक आहे, फक्त एखादा मणी कमी पडतो आणि जो कमी पडतो त्याच्या मापानेच माळ ओवली जाते.

धान्यात लायसिन नावाचा मणी कमी पडतो. दाळींत लायसिन भरपूर पण मेथिओनिन कमी. दोन्ही एकत्र खाल्ले की एकाची कमी दुसरा भरतो, इथपर्यंत बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण किती एकत्र? ते कोणी सांगत नाही म्हणून मी मांडतो.

मोठ्या माणसाच्या जेवणातल्या १०० ग्रॅम प्रोटीनमध्ये लायसिन साधारण साडेचार ग्रॅम पाहिजे. जवारीच्या प्रोटीनमध्ये ते असतं फक्त २.३ च्या आसपास, निम्मंच. सगळ्या धान्यांत जवारी याबाबतीत खालच्या नंबरला आहे, तांदूळ साडेतीनच्या वर जातो. तूरदाळीत साडेसहा-सात, अंड्यात सात, दुधात आठ, सोयाबीनमध्ये सहाच्या वर.

आता दोन भाकरी घ्या. आमच्याकडची एक भाकर ७० ग्रॅम पिठाची, दोन भाकरींत १४ ग्रॅम प्रोटीन. नुसत्या दाळीने लायसिन भरून काढायचं म्हटलं तर दाळीतूनही १४ ग्रॅम यायला पाहिजेत, म्हणजे ६५ ग्रॅम कच्ची दाळ एका जेवणाला, एका माणसाला. ताईच्या कपात पाच जणांत ११० ग्रॅम होती. पण त्याच दोन भाकरींसोबत ३० ग्रॅम कच्च्या दाळीचं घट्ट वरण आणि एक उकडलेलं अंडं ठेवा, हिशोब बरोब्बर साडेचारवर येतो. अंडं नको तर तीच वाटी वरण आणि वाटीभर घट्ट दही, साधारण २०० ग्रॅम, तेव्हाही साडेचारच्या वर जातं. दही-दूधही नको तर १५ ग्रॅम सोयाबडी, तिथेही जवळपास तेवढंच. म्हणजे तीन वेगळ्या रस्त्यांनी एकाच ठिकाणी पोचता येतं. हा हिशोब पहिल्यांदा जुळला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी मायला उठवून सांगितलं की तुझी माळ तशीच राहू दे, अण्णांचं सगळं दह्या-दाळीत बसतंय.

हे एकाच घासात, एकाच जेवणात जुळायला पाहिजे असंही नाही, मोठ्या माणसाचं दिवसभरात जुळलं तरी शरीर भागवून घेतं. लहान लेकरांचं मात्र पोट छोटं, त्यांना एवढी दाळ जातच नाही, म्हणून त्यांच्या प्रत्येक खाण्यात दूध, दही, अंडं किंवा घट्ट दाळ थोडी थोडी असू द्या.

जवारीबद्दल अजून एक. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, तो सगळा दख्खनचा पट्टा जवारी खाणारा. तिथल्याच पोषण संस्थेतले डॉ. सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये जवारी खाणाऱ्या गरीब लोकांमधल्या पेलाग्रा या आजारावर लिहिलं होतं, उन्हात कातडी काळवंडते, सोलते, जुलाब लागतात, नायसिन या व्हिटॅमिनच्या कमतरतेचा आजार. जवारीत ल्युसिन नावाचं अमिनो आम्ल जास्त असतं आणि त्यामुळे हे होत असावं असं त्यांचं म्हणणं होतं. हा आजार त्यांना दिसला तो ज्यांच्या ताटात जवारीशिवाय दुसरं फारसं काही नव्हतं अशा लोकांत. त्यामुळे भाकर सोडायची नाहीच, मी दोन्ही वेळेला खातो, पण ती एकटी खायची वस्तू नाही.

आपल्या जुन्या लोकांनी हे जुळवलेलं होतं. येळवस आठवा. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला शेतात जी भज्जी होते तिच्यात तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाटाणा, वाल, शेंगदाणे, बेसन, सोबत बाजरी-जवारीचे उंडे, आणि बिंदगीत, म्हणजे मातीच्या मडक्यात, ताकातली आंबिल. धान्य, दाळ, दूध तिन्ही एका पत्रावळीत. छत्रपती संभाजीनगरला रमजानमध्ये हलीम मिळतं, त्यात गहू, दाळी आणि मटण एकत्र घोटलेलं असतं, तिथेही तेच गणित. आपण ते सणाला करतो आणि बाकीच्या दिवशी ठेचा-भाकर.

पायरी ५: पचतं किती तेही धरा

खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही. अंड्याचं ९७ टक्के पचतं, दुधाचं ९५, मटण-माशाचं ९४, तांदळाचं ८८, गव्हाचं ८६, दाळी-कडधान्यांचं ८० च्या आतबाहेर. जवारीचं प्रोटीन पाण्यात शिजवलं की उलट थोडं घट्ट होतं आणि पचायला जड जातं, आंबवलं की सुटतं, म्हणून आंबिल ही फार शहाणी गोष्ट आहे. दाळी भिजवणं, मोड आणणं, कुकरला नीट शिट्ट्या देणं, याने फरक पडतो. अर्धकच्ची दाळ पोटात वायू करते ते वेगळंच.

कच्चं अंडं दुधात फोडून पिणारी तालमीतली पोरं अजून आहेत. शिजलेल्या अंड्याचं ९० टक्क्यांच्या वर लागतं आणि कच्च्याचं निम्मंच, शिवाय जंतूंची भीती. उकडून खा रे बाबांनो.

म्हणून दाळ-भाकरीवाल्याने आपला आकडा थोडा वर धरायचा, ०.८३ ऐवजी १, आणि अंडी-दूध-मटण भरपूर असणाऱ्याला कमीत भागतं. दोघांतला खरा फरक एवढाच आहे.

पायरी ६: प्रोटीनसोबत अजून काय येतं

मांसाहाराकडे बी १२ आहे, दाळीत ते नाहीच. शाकाहारी माणसाला दूध-दह्यातून थोडं मिळतं, पण जो अर्धा कप चहातल्या दुधावर चालतो त्याला पुरत नाही. हातपाय झिणझिण्या, थकवा, जीभ लाल, असं काही असलं तर डॉक्टरांना सांगून रक्त तपासा. माळकरी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं तर तपासाच, आमच्या मायचं कमी निघालं, गोळ्या चालू आहेत. लोहाचंही तसंच, मटणातलं लोह शरीर पटकन घेतं, दाळी-भाजीतलं कमी घेतं, त्यावर लिंबू पिळलं की जास्त घेतं आणि जेवणाला लागून चहा घेतला की घालवतं. जेवण झालं की लगेच चहा, ही आपली सवय तेवढी तासाभराने पुढे ढकला.

दाळीकडे फायबर आहे, मटणात, अंड्यात, दुधात एक कणसुद्धा नाही. साखर असलेल्या माणसाला आणि बद्धकोष्ठ असलेल्याला हे फार उपयोगी. मटणाची चरबी, खवा, मलई यांतून संपृक्त चरबी येते, कोलेस्टेरॉलवाल्यांनी सांभाळून. सॉसेज, सलामी असल्या प्रक्रिया केलेल्या मांसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१५ मध्ये कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत धरलंय, ते रोजचं करू नका. सुकट-बोंबलात प्रोटीन जबरदस्त, पण मीठही तसंच, बीपीवाल्यांनी धुऊन आणि कमी.

आणि पायाचं सूप. अण्णांसाठी शेजारच्यांनी प्रेमाने आणून दिलं, मी नाही म्हटलं नाही, पण त्यातून जे उतरतं ते मुख्यतः जिलेटिन, त्यात ट्रिप्टोफॅन नावाचा मणी नसतोच, नऊपैकी एक पूर्ण गायब. गरम प्यायला बरं वाटतं तेवढं खरं, हाड जुळायला लागणारं चांगलं प्रोटीन त्यातून येत नाही. मटणाच्या रश्श्याचंही तेच, रस्सा ओरपून पोरांना वाटतं ताकद आली, ताकद वाटीतल्या फोडीत असते. घरी मटण होतं तेव्हा फोडी कोणाच्या ताटात जातात आणि रस्सा कोणाच्या हे एकदा नीट बघा, वाढणारी बाई शेवटी बसते आणि तिच्या वाटीत रस्साच उरतो.

पायरी ७: दहा ग्रॅमला किती रुपये

भाव तुमच्या गावचे टाका, पद्धत ही. तूरदाळ समजा १४० रुपये किलो, किलोत २२० ग्रॅम प्रोटीन, म्हणजे १० ग्रॅमला साडेसहा रुपये. शेंगदाणे १४० ने धरले तर सहा रुपये. अंडं ७ रुपयाला, १० ग्रॅमला पावणेबारा. दूध ६० रुपये लिटर तर १८ च्या आसपास. मटण ८०० रुपये किलो, हाडं जाऊन किलोत १५० ग्रॅम प्रोटीन हाताला लागतं, १० ग्रॅमला ५३ रुपये. सोयाबडी १२० रुपये किलो तर सव्वादोन-अडीच रुपये.

मटण महाग आहे म्हणून खाऊ नका असं मी म्हणत नाही, उस्मानाबादी बोकडाच्या मटणाची चव मला माहितीये. पण "आपल्याला परवडत नाही म्हणून प्रोटीन मिळत नाही" हे वाक्य या हिशोबापुढे टिकत नाही. अंडं या सगळ्यात मधे बसतं, पैसे बेताचे आणि दर्जा वरचा, ज्यांना चालतं त्यांनी पहिलं तेच वाढवावं.

पायरी ८: आपलं ताट ठरवा

माळकरी घर असेल तर: दोन्ही वेळेला माणशी ३० ग्रॅम कच्च्या दाळीचं घट्ट वरण किंवा उसळ, दुपारी वाटीभर दही, रात्री ग्लासभर दूध, आठवड्यातून तीनदा सोयाबडी. भाजीत कूट आहेच, शिवाय जवसाची, तिळाची, कारळाची चटणी, चमचाभर चटणीत दीड-दोन ग्रॅम येतात आणि मेथिओनिनला तीळ चांगला. हुलग्याचे शेंगोळे, पिठलं, मुगाचे धपाटे, ही सगळी यातच धरा. पिठल्यात बेसन किती आणि पाणी किती ते मात्र कपाने मोजा.

अंडं चालत असेल तर: वरचंच, फक्त दह्याच्या किंवा दुधाच्या जागी रोज एक-दोन अंडी. भाच्याचं आम्ही असं बसवलं: सकाळी ग्राउंडवरून आल्यावर दोन उकडलेली अंडी आणि भिजवलेले हरभरे-शेंगदाणे मूठभर, दुपारी घट्ट वरण, रात्री २० ग्रॅम सोयाबडीची भाजी आणि झोपताना दूध. भाकरी तेवढ्याच. बेरीज ८५ च्या वर गेली, डबा लागला नाही.

सगळं चालत असेल तर: मटण-चिकन रविवारी पोटभर आणि बाकीचे सहा दिवस चटणी-भाकर, असं करू नका. शरीर प्रोटीन पुढच्या आठवड्यासाठी साठवून ठेवत नाही. तेवढ्याच पैशात कमी मटण, जास्त अंडी आणि रोजची घट्ट दाळ.

उपवासाच्या दिवशी साबुदाण्याऐवजी राजगिरा, दूध, दही, शेंगदाणे. राजगिऱ्यात १३-१४ ग्रॅम प्रोटीन आहे आणि लायसिनही चांगलं. मायच्या एकादशीला आता राजगिऱ्याची भाकर आणि दाण्याची आमटी असते.

पायरी ९: सोयाबीन, जे आपण पिकवतो आणि विकतो

हे लिहिताना मला मनापासून वाईट वाटतं. खरिपात बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन, लातूरच्या बाजारात गाड्यांच्या रांगा, तेल काढून पाऊच आपल्याच दुकानात परत येतं आणि प्रोटीनने भरलेली पेंड कोंबड्यांना जाते, मग त्या कोंबडीचं चिकन आपण विकत आणतो. घरच्या पोत्यातलं दोन किलो सोयाबीन आपल्या चुलीवर चढत नाही, कारण वास येतो आणि पचत नाही म्हणतात.

न पचण्याचं कारण खरं आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचवणाऱ्या रसाला अडवणारं द्रव्य असतं, ते उष्णतेने जातं. म्हणून सोयाबीन कच्चं दळायचं नाही. दाणे निवडा, उकळत्या पाण्यात टाकून वीस-पंचवीस मिनिटं उकळू द्या, पाणी फेका, सालं चोळून काढा, कडक उन्हात दोन दिवस वाळवा आणि मग दळायला द्या. नऊ किलो जवारीला एक किलो, यापेक्षा जास्त घातलं तर भाकर चिरते आणि लेकरं तोंड वाकडं करतात. एवढ्यानेही पिठातलं प्रोटीन १० वरून साडेबारावर जातं आणि लायसिन २.३ वरून ३.४ वर. वास उकळण्याने जवळपास जातो. भाकर गरम खा.

एक धोक्याची सूचना, ही वाचून घरात सगळ्यांना सांगा. पेरणीनंतर उरलेलं बियाणं कधीही खायला वापरू नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, बहुतेक वेळा रंग दिसतो, लाल, गुलाबी, निळा, कधी धुऊन फिका झालेला असतो. ते धुऊन, उकळून जात नाही. खायचं सोयाबीन मळणीच्या दिवशीच वेगळ्या पोत्यात काढा आणि पोत्यावर नाव टाका.

दळताना जवारी कुठली तेही बघा. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये परभणी शक्ती म्हणून वाण काढलंय, लोह आणि जस्त जास्त असलेलं. ज्यांच्या घरात बाळंतीण किंवा वाढती पोरगी आहे त्यांनी थोडं तरी पेरून बघावं.

पायरी १०: कोणी स्वतःच्या मनाने करू नये

किडनीचा त्रास असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर प्रोटीन वाढवायच्या आधी डॉक्टर. साखर आणि बीपी बरीच वर्षं असणाऱ्यांनी आधी किडनीची तपासणी. यूरिक ॲसिडवाल्यांनी मटण, कलेजी सांभाळून. दूध प्यायल्यावर पोट बिघडतं त्यांनी दही-ताक घेऊन बघावं, बऱ्याच जणांना ते सोसतं.

डब्याचं म्हणाल तर व्हे म्हणजे दुधातलंच प्रोटीन, डब्यातल्या मापाच्या एका मोठ्या चमच्यात साधारण २४ ग्रॅम, चार अंड्यांइतकं. विष नाही आणि जादूही नाही. ज्याला खायला वेळच नाही त्याने पक्कं बिल आणि एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) नंबर बघून घ्यावा, सुट्या पुड्या बिलकुल घेऊ नका.

शेवटी किराण्याची यादी बदला, नाहीतर हे सगळं कागदावर राहतं. ताईकडे महिन्याला साडेतीन किलो दाळ यायची, पाच माणसांना. माणशी रोज ६० ग्रॅम धरले तर महिन्याला ९ किलो लागते, आणि पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं तर दिवसाला ८५ ग्रॅमपर्यंत सांगतात. आता तिची यादी अशी आहे: तूरदाळ ४ किलो, मूगदाळ आणि मसूर मिळून २, मटकी-हुलगे-हरभरा मिळून ३, शेंगदाणे २, सोयाबडी १, अंड्याचे ट्रे दोन. साखर दोन किलोने आणि तेल एक लिटरने कमी केलं, वरचे पैसे बरेचसे तिथून निघाले. तो कानतुटका कप अजून तोच आहे, फक्त आता तो दाळीच्या डब्यात दोनदा बुडतो, आणि पाहुणा आला तर पाण्याआधी दाळ वाढते.